ग्वांतानामो बे येथील मरीन सुरक्षा दल

ग्वांतानामो बे येथील मरीन सुरक्षा दल हे क्युबाच्या आग्नेय किनाऱ्यावरील ग्वांतानामो उपसागरातील अमेरिकी नौदल तळाच्या जमिनीवरील हद्दीचे रक्षण करणारे, अमेरिकेच्या मरीन कोरचे पथक आहे. विसाव्या शतकाच्या बहुतेक काळात ते 'मरीन बरॅक्स, ग्वांतानामो बे' या नावाने ओळखले जाई. शीतयुद्धाच्या काळात त्याच्या लढाऊ रचनेला 'भूसंरक्षण दल' म्हणत. पुढे ते कंपनीच्या आकाराचे झाले आणि 'मरीन कोर सिक्युरिटी फोर्स कंपनी' हे नाव रूढ झाले. इ.स. २००२ पासून या तळावर असलेल्या बंदीशिबिरामुळे 'ग्वांतानामो' हा शब्द तुरुंगाशी जोडला गेला आहे. मात्र या लेखाचा विषय असलेले दल तुरुंगाचे नव्हे, कुंपणाचे पहारेकरी आहे. ही दोन कामे आणि ती करणारी पथके वेगवेगळी आहेत.

तळाची कायदेशीर स्थिती

या दलाचा इतिहास समजण्यासाठी आधी तळाची विलक्षण कायदेशीर स्थिती ध्यानात घ्यावी लागते. स्पेनविरुद्धच्या युद्धानंतर क्युबा अमेरिकेच्या लष्करी ताब्यात होता. तेथून सैन्य मागे घेण्याच्या अटी अमेरिकी संसदेने १९०१ च्या प्लॅट दुरुस्तीद्वारे ठरवल्या. नौदल तळांसाठी आणि कोळसा भरण्याच्या ठाण्यांसाठी जमीन देणे ही त्यांपैकी एक अट होती. त्यानुसार फेब्रुवारी १९०३ मध्ये क्युबाचे अध्यक्ष तोमास एस्त्रादा पाल्मा आणि अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी भाडेकरारावर सह्या केल्या. जमीन आणि पाणी मिळून सुमारे ११७ चौरस किलोमीटरचे हे क्षेत्र त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या हाती आले.

या क्षेत्रावरील अंतिम सार्वभौमत्व क्युबाचे, परंतु संपूर्ण अधिकार आणि नियंत्रण अमेरिकेचे, असे करार सांगतो. भाडे वर्षाला २,००० डॉलर, तेही सोन्याच्या नाण्यांत, ठरले होते. १९३४ च्या तहाने प्लॅट दुरुस्ती रद्द झाली, पण भाडेपट्टा टिकला. उभय देशांच्या संमतीने किंवा अमेरिकेने तळ सोडून दिल्यासच तो संपेल, असे कलम त्यात आले. भाडे नंतर ४,०८५ डॉलर झाले. क्रांतीनंतरच्या क्युबा सरकारने १९५९ मधील एक धनादेश वगळता ते स्वीकारलेले नाही. धनादेश मात्र दरवर्षी पाठवले जात राहिले.

याचा परिणाम असा की, मरीन पहारेकरी ज्या रेषेवर उभे असतात ती नकाशावरील आंतरराष्ट्रीय सीमा नाही, भाडेपट्ट्याची हद्द आहे. तिच्या आत ते कायदेशीर चौकीदार आहेत आणि तिच्याबाहेर एक पाऊल टाकले तर आक्रमक सैन्य ठरतात.

१८९८ : उपसागरावरील पहिले पाऊल

मरीन सैनिकांचा या उपसागराशी संबंध तळापेक्षाही जुना आहे. स्पेन–अमेरिका युद्धात सान्तियागो दे क्युबा बंदराची नाकेबंदी करणाऱ्या अमेरिकी जहाजांना कोळसा भरण्यासाठी जवळचा सुरक्षित आसरा हवा होता. त्यासाठी १० जून १८९८ रोजी लेफ्टनंट कर्नल रॉबर्ट हंटिंग्टन यांच्या नेतृत्वाखाली सुमारे ६५० जणांची पहिली मरीन बटालियन उपसागराच्या पूर्व किनाऱ्यावर उतरली. टेकडीवर उभारलेल्या छावणीला नौदल अधिकारी बोमन मॅककॅला यांचे नाव देण्यात आले. पुढच्याच रात्रीपासून झाडीतून स्पॅनिश सैनिकांचा गोळीबार सुरू झाला आणि त्यात बटालियनचे शल्यचिकित्सक जॉन ब्लेअर गिब्ज यांच्यासह काही जण मारले गेले.

हा उपद्रव थांबवण्यासाठी शत्रूचे पाणी तोडावे, असा सल्ला क्युबन बंडखोरांनी दिला. परिसरातील स्पॅनिश तुकडीला गोडे पाणी पुरवणारी कुझ्को येथील विहीर १४ जून रोजी कॅप्टन जॉर्ज एलियट यांच्या दोन कंपन्यांनी क्युबन सैनिकांच्या साहाय्याने काबीज केली. या चकमकीत 'डॉल्फिन' या अमेरिकी युद्धनौकेचे गोळे आपल्याच माणसांच्या रोखाने पडू लागले. तेव्हा सार्जंट जॉन क्विक यांनी उघड्या टेकडीवर उभे राहून, शत्रूच्या गोळ्यांकडे पाठ करून, निशाणाने जहाजाला संदेश दिला. त्यांना 'मेडल ऑफ ऑनर' मिळाले. कादंबरीकार स्टीफन क्रेन तेथे वार्ताहर म्हणून हजर होते आणि त्यांनी हा प्रसंग लिहून ठेवला. एलियट पुढे मरीन कोरचे प्रमुख झाले. पाण्याचा प्रश्न या जागेला पुढेही सोडणार नव्हता.

कोळसा ठाण्याचे पहारेकरी

१९०३ नंतरची पहिली पाच दशके दलाच्या दृष्टीने तुलनेने शांत होती. मरीन बरॅक्समधील तुकडी दारूगोळ्याची कोठारे, धक्के आणि प्रवेशद्वारे सांभाळत असे. तळाचा खरा उपयोग कॅरिबियन प्रदेशात सैन्य पाठवण्यासाठीचा थांबा म्हणून होई. १९१२ मध्ये क्युबाच्या ओरिएंते प्रांतातील कृष्णवर्णीयांच्या उठावाच्या वेळी ऊसमळे आणि रेल्वेमार्गांच्या रक्षणासाठी मरीन सैनिक येथूनच बाहेर पडले. १९४० च्या हिवाळ्यात पहिल्या मरीन ब्रिगेडने येथे सराव केला. त्याच काळात, १ फेब्रुवारी १९४१ रोजी, तिचे पहिल्या मरीन डिव्हिजनमध्ये रूपांतर झाले. ही डिव्हिजन पुढे ग्वाडलकनालच्या लढाईमुळे प्रसिद्ध झाली.

या काळात हद्द होती, पण तिचे भय नव्हते. जवळच्या काइमानेरा आणि बोकेरोन या गावांतून हजारो क्युबन कामगार रोज तळावर येत आणि संध्याकाळी परत जात. सुटीच्या दिवशी नाविक आणि मरीन सैनिक उलट दिशेने त्याच गावांतल्या मद्यालयांकडे आणि वेश्यावस्त्यांकडे जात. क्युबन राष्ट्रवाद्यांच्या मनात तळाविषयी साचलेल्या रागाला या दुसऱ्या रहदारीचाही हातभार होता.

हद्दीची सीमा झाली

हे चित्र १९५८ पासून पालटू लागले. हुकूमशहा बतिस्ता यांच्या विमानांना ग्वांतानामो तळावर इंधन मिळते, असा बंडखोरांचा आरोप होता. २७ जून १९५८ रोजी राऊल कॅस्ट्रो यांच्या माणसांनी सुटीवरून बसने परतणारे २९ नाविक आणि मरीन सैनिक पळवून नेले. जुलैच्या मध्यानंतर सर्वांची सुखरूप सुटका झाली. त्याच महिन्याच्या अखेरीस बतिस्ता सरकारने यातेरास नदीवरील जलकेंद्राचा पहारा काढून घेतला. तळाचे सर्व पिण्याचे पाणी तेथून येत असल्याने मरीन सैनिकांची एक तुकडी केंद्राच्या रक्षणासाठी पाठवण्यात आली. केंद्र हद्दीबाहेर होते. क्युबन भूमीवर परके सैन्य उतरल्याचा निषेध दोन्ही क्युबन पक्षांकडून झाला आणि काही दिवसांतच तुकडी परत बोलवावी लागली. भाडेपट्ट्याची मर्यादा दलाने प्रत्यक्ष अनुभवली ती अशी.

१ जानेवारी १९५९ पासून, म्हणजे क्रांती यशस्वी झाली त्या दिवसापासून, हद्दीबाहेरचा प्रदेश अमेरिकी सैनिकांना बंद झाला. ३ जानेवारी १९६१ रोजी अमेरिकेने क्युबाशी राजनैतिक संबंध तोडले, पण त्याचा तळाच्या स्थितीवर परिणाम होत नाही, असे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी लगेच जाहीर केले. त्या वर्षी क्युबाने हद्दीच्या ईशान्य भागात सुमारे १३ किलोमीटर लांबीचा फड्या निवडुंगाचा पट्टा लावला. क्युबन नागरिकांनी तळात पळून जाऊ नये, हा त्याचा मुख्य हेतू होता. युरोपातील 'पोलादी पडद्या'च्या धर्तीवर वृत्तपत्रांनी त्याला 'निवडुंगाचा पडदा' म्हटले. पलीकडे क्युबाने सीमा ब्रिगेड उभी केली. अलीकडे सुमारे २८ किलोमीटर लांबीच्या कुंपणालगत मरीन सैनिकांचे निरीक्षण मनोरे उभे राहिले. चौकीदारांचे दल अशा रीतीने सीमारक्षक झाले. पुढची तीस वर्षे दोन सैन्ये एकमेकांना दुर्बिणीतून न्याहाळत राहिली.

लोपेझ साबारिएगो प्रकरण

दलाच्या इतिहासातील सर्वांत काळी घटना याच संक्रमणकाळात घडली. तळावर काम करणारे क्युबन बसचालक रुबेन लोपेझ साबारिएगो हे ३० सप्टेंबर १९६१ च्या रात्री प्रतिबंधित भागात आढळले. ते क्युबाचे हेर असल्याचा अमेरिकी अधिकाऱ्यांना संशय होता. मरीन कंपनीचे प्रमुख कॅप्टन आर्थर जॅक्सन त्यांना एका आडबाजूच्या दारातून बाहेर सोडण्यासाठी घेऊन गेले आणि तेथे त्यांनी लोपेझ यांना गोळ्या घातल्या. घटनेची वाच्यता न करता सहकाऱ्यांच्या मदतीने मृतदेह तळावरच पुरण्यात आला. ऑक्टोबरमध्ये तो सापडला आणि प्रकरण उघडकीस आले.

जॅक्सन हे सामान्य अधिकारी नव्हते. सप्टेंबर १९४४ मध्ये पेलेलियू बेटावर त्यांनी एकट्याने बारा जपानी तटबंद ठाणी उद्ध्वस्त केली होती आणि त्याबद्दल त्यांना 'मेडल ऑफ ऑनर' मिळाले होते. पुढे वृद्धापकाळी दिलेल्या मुलाखतीत त्यांनी सांगितले की, लोपेझ अंगावर धावून आल्याने आपण स्वसंरक्षणार्थ गोळ्या झाडल्या, आणि प्रकरण क्युबन न्यायालयात जाईल या भीतीने ते लपवले. क्युबाच्या लेखी हा सरळ खून होता. लोपेझ यांची बाजू सांगणारा साक्षीदार अर्थातच उरला नव्हता. सैनिकी न्यायालयात उघड खटला चालवण्याऐवजी जॅक्सन यांना १९६२ मध्ये मरीन कोर सोडावे लागले. ज्या भूमीचे सार्वभौमत्व एकाचे आणि नियंत्रण दुसऱ्याचे, तेथे मेलेल्या माणसाला न्याय कोणी द्यायचा, हा प्रश्न करारात कोठेही सोडवलेला नव्हता.

क्षेपणास्त्र संकट

ऑक्टोबर १९६२ मध्ये क्युबात सोव्हिएत क्षेपणास्त्रे आढळल्यानंतर तळावर काही तासांत उलथापालथ झाली. २२ ऑक्टोबर रोजी, अध्यक्ष केनेडी यांचे दूरचित्रवाणीवरील भाषण होण्यापूर्वीच, सैनिकांच्या सुमारे अडीच हजार बायकामुलांना जहाजांत आणि विमानांत बसवून रवाना करण्यात आले. त्यांच्या जागी मरीन बटालियन उतरल्या. एक कॅलिफोर्नियाहून विमानाने आली, बाकीच्या समुद्रमार्गे आल्या. कुंपणालगत खंदक खोदले गेले. एरवी बरॅक्सपुरते असलेले दल काही आठवड्यांसाठी हजारोंचे झाले.

त्यांच्यावर ओढवू शकणाऱ्या संकटाचे खरे स्वरूप दशकांनी उजेडात आले. सोव्हिएत सैन्याने अण्वस्त्रे वाहणारी कमी पल्ल्याची क्रूझ क्षेपणास्त्रे तळापासून सुमारे २४ किलोमीटरवर आणून ठेवली होती, असे मायकल डॉब्स यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दाखवले आहे. तळावर हल्ला झालाच तर तो पायदळाचा असेल, अशा समजुतीने खंदकांत बसलेल्या मरीन सैनिकांना याची कल्पना नव्हती. डिसेंबरमध्ये कुटुंबे परत येऊ लागली.

पाणी आणि गोळ्या

६ फेब्रुवारी १९६४ रोजी क्युबाने यातेरासचे पाणी बंद केले. त्याआधी चार दिवस अमेरिकी तटरक्षक दलाने फ्लोरिडाजवळ चार क्युबन मासेमारी नौका पकडल्या होत्या, त्याचे हे प्रत्युत्तर होते. तळ पाणी चोरतो, असा आरोपही झाला. तळाचे प्रमुख रिअर अॅडमिरल जॉन बल्कली यांनी जलवाहिनीचा तुकडा कापून, तिच्यातून पाणी येत नसल्याचे पत्रकारांसमोर दाखवले. हेच बल्कली १९४२ मध्ये फिलिपिन्समधून जनरल मॅकआर्थर यांना लहानशा टॉर्पेडो बोटीतून बाहेर काढणारे अधिकारी होत. जहाजांनी पाणी आणून काही काळ निभावल्यावर सॅन दिएगोजवळील खाऱ्या पाण्याचे शुद्धीकरण करणारे संयंत्र उचलून ग्वांतानामोला आणण्यात आले. तळ स्वावलंबी झाला. मात्र त्याच सुमारास बहुसंख्य क्युबन कामगारांना कामावरून कमी करण्यात आल्याने कुंपणातून होणारी माणसांची रोजची ये-जाही आटली.

माणसांची ओळख आटली तशी बंदुकांची खूण वाढली. १९ जुलै १९६४ रोजी तळाच्या बाजूने झालेल्या गोळीबारात रामोन लोपेझ पेन्या हा तरुण क्युबन सैनिक ठार झाला. २१ मे १९६६ रोजी लुईस रामिरेझ लोपेझ हा आणखी एक सैनिक मारला गेला. रामिरेझ कुंपण ओलांडून आत आला होता, असे अमेरिकेने सांगितले. क्युबाने ते नाकारले. क्युबात दोघांनाही हुतात्म्यांचा मान आहे. या दोन्ही प्रसंगी एखादी मोठी चकमक सहज पेटू शकली असती आणि पेटली नाही, याचे श्रेय दोन्ही बाजूंच्या शिस्तीला द्यावे लागते.

याच वर्षांतला एक हलका किस्सा तळाला भेट देणाऱ्यांना आवर्जून सांगितला जातो. क्युबन सैनिक रात्री मरीन बरॅक्सवर प्रखर दिव्यांचा झोत टाकून पहारेकऱ्यांची झोप उडवत. त्यावर बल्कली यांनी टेकडीच्या उतारावर मरीन कोरचे प्रचंड बोधचिन्ह रंगवून घेतले. त्या रात्री झोत पडताच क्युबनांच्याच दिव्यांत ते झळकू लागले आणि दिवे कायमचे मालवले गेले. कथेत रंग भरला गेला असण्याची शक्यता आहे, पण पहाऱ्यावरच्या सैनिकांमध्ये ती पिढ्यान्पिढ्या चालत आली आहे.

भूसुरुंग

१९६० च्या दशकाच्या आरंभापासून अमेरिकेने कुंपणालगत सुमारे ५०,००० भूसुरुंग पेरले. पश्चिम गोलार्धातील हे सर्वांत मोठे सुरुंगक्षेत्र मानले जाई. सुरुंग एकदा पुरले की काम संपत नाही. पावसाने माती वाहते, सुरुंग जागा बदलतात, स्फोटके जुनी होतात. त्यामुळे मरीन अभियंत्यांची एक खास तुकडी वर्षानुवर्षे हाताने सुरुंग उकरून तपासण्याचे आणि बदलण्याचे काम करत असे. शत्रूशी लढाई न होताही या क्षेत्रात माणसे मेली. त्यांत अमेरिकी सैनिक होते, तसेच आश्रयासाठी तळाकडे धावणारे क्युबनही होते. दलाने ज्यांना आसरा द्यायचा, त्यांच्या वाटेत त्याचेच सुरुंग होते.

मे १९९६ मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी व्यक्तिविरोधी भूसुरुंगांविषयीचे नवे धोरण जाहीर केले आणि त्यानुसार ग्वांतानामोचे सुरुंग काढण्यास सुरुवात झाली. ते काम १९९९ पर्यंत पूर्ण झाले. त्यांच्या जागी हालचाल आणि आवाज टिपणारी यंत्रणा बसवण्यात आली. क्युबाने आपल्या बाजूचे सुरुंग त्या वेळी काढले नाहीत.

१९८६ ची मारहाण

जुलै १९८६ मध्ये दलातील दहा मरीन सैनिकांनी आपल्याच पलटणीतील एका कनिष्ठ सैनिकाच्या तोंडात बोळा कोंबून त्याला मारहाण केली. येथून बदली मिळावी म्हणून त्याने वरिष्ठांना आणि लोकप्रतिनिधींना पत्रे लिहिली होती. कुंपणावरील एका पहारेकऱ्याने क्युबाच्या दिशेने नियमबाह्य गोळीबार केल्याची माहिती देण्याची तयारीही त्याने त्या पत्रांत दाखवली होती. सैनिक गंभीर आजारी पडला, पण वाचला. दहापैकी सात जणांनी सेवेतून काढले जाणे पत्करले आणि तिघांनी सैनिकी न्यायालयात खटला लढवला.

लेखक अॅरन सॉर्किन यांना नौदलात वकील असलेल्या बहिणीकडून हे प्रकरण कळले. त्यावरून सुचलेले 'अ फ्यू गुड मेन' हे नाटक १९८९ मध्ये ब्रॉडवेवर आले आणि १९९२ मध्ये त्यावर चित्रपट निघाला. 'शौर्य' (२००८) या हिंदी चित्रपटावरही त्याची छाया दिसते. नाटकात मारहाण झालेला सैनिक मरतो. ग्वांतानामोच्या दलाविषयीच्या अनेक लोकप्रिय समजुती मूळ घटनेपेक्षा या कलाकृतीतून आल्या आहेत.

पुनर्रचना, निर्वासित आणि बंदीशिबिर

१९८७ नंतर मरीन कोरने जगभरच्या नौदल तळांवरील जुनी बरॅक्स हळूहळू बंद केली आणि त्यांच्या जागी सुरक्षा दलांची नवी रचना आणली. ग्वांतानामोचे बरॅक्स त्यातून उशिरा गेले. सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर क्युबाकडून हल्ल्याची शक्यता उरली नव्हती आणि दल आकसत कंपनीपुरते झाले.

१९९४–९६ मध्ये समुद्रात अडवलेल्या हैती आणि क्युबातील सुमारे ५०,००० निर्वासितांना तळावरील छावण्यांत ठेवण्यात आले. अनिश्चिततेला कंटाळलेले काही क्युबन तळातून उलट क्युबाकडे पळू लागले. तीस वर्षे एका दिशेने पाहणाऱ्या पहारेकऱ्यांना आता दोन्ही दिशांना पाहावे लागे. ११ जानेवारी २००२ रोजी अफगाणिस्तानातून पहिले वीस कैदी आले. बंदीशिबिरासाठी स्वतंत्र संयुक्त कृतिदल स्थापन झाले आणि तेथील पहारा प्रामुख्याने भूदलाच्या लष्करी पोलिसांकडे गेला. शिबिराचे पहिले प्रमुख मायकल लेनर्ट हे मरीन ब्रिगेडियर जनरल होते, त्यामुळे दोन्ही दलांची गल्लत अधिकच झाली. कुंपणाचे काम सुरक्षा कंपनीकडेच राहिले.

ईशान्य दरवाजा

तळाच्या हद्दीत क्युबाशी संपर्काचे एकच दार उरले आहे, ते म्हणजे ईशान्य दरवाजा. त्याच्या पलीकडे क्युबाच्या कमानीवर 'क्युबा प्रजासत्ताक, अमेरिका खंडातील मुक्त प्रदेश' अशा अर्थाची स्पॅनिश अक्षरे आहेत. १९९० च्या दशकापासून तळाचे प्रमुख आणि क्युबन सीमा ब्रिगेडचे अधिकारी येथे नियमितपणे भेटत आले आहेत. वणवा लागला तर काय करायचे, कोणते बांधकाम चालू आहे, कोणती विमाने येणार आहेत, असे विषय असतात. वणव्याच्या प्रसंगी एकमेकांना मदत करण्याचा संयुक्त सरावही होत आला आहे.

क्रांतीपूर्वीपासून तळावर नोकरी करणाऱ्या क्युबन कामगारांपैकी काहींना ती चालू ठेवता आली होती. ते रोज पहाटे या दरवाजातून मरीन पहारेकऱ्यांसमोरून आत येत आणि संध्याकाळी परत जात. निवृत्त झालेल्या सहकाऱ्यांचे अमेरिकी निवृत्तिवेतनही तेच रोख स्वरूपात घरी नेऊन देत, कारण पैसे पाठवण्याचा दुसरा मार्ग नव्हता. त्यांपैकी अखेरचे दोघे २०१२ च्या शेवटी निवृत्त झाले.